बायपास की उड्डाणपूल? मुंबई–गोवा महामार्गावरील चार गावांच्या अनुभवावरून

महामार्ग चौपदरी करण्याचे ठरले की त्यावरील प्रत्येक तालुक्याच्या गावापुढे तोच प्रश्न येतो: रस्ता गावाबाहेरून काढायचा, गावाच्या डोक्यावरून न्यायचा, की आहे तोच दोन्ही अंगांनी रुंद करायचा. मुंबई–गोवा महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या १७ आणि आताच्या ६६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर, या प्रश्नाला ठिकठिकाणी वेगवेगळी उत्तरे दिली गेली आणि त्यांचे परिणाम आज जाऊन पाहता येतात. झाराप ते पत्रादेवी हा टप्पा चौपदरी झाला तेव्हा सावंतवाडी शहर बाजूला राहिले. कणकवलीत आणि चिपळुणात उड्डाणपूल निवडला गेला. माणगावला बायपास ठरला, पण तो वर्षानुवर्षे रखडला. ज्या गावाच्या नगरपंचायतीपुढे असा ठराव येऊ घातला आहे, तेथील नागरिकाने हात वर करण्यापूर्वी काय तपासावे, एवढ्यापुरतीच ही तुलना आहे.

रुंदीकरणाचा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. ज्या बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्या गटारावर टेकलेल्या आहेत, तेथे चार पदर बसवायचे म्हणजे एका बाजूची किंवा दोन्ही बाजूंची दुकाने पाडावी लागतात आणि त्यानंतरही ट्रक शाळेच्या दारावरूनच जातो. खर्च कमी दिसतो म्हणून हा पर्याय कागदावर येतो. खरी निवड बायपास आणि उड्डाणपूल या दोहोंतच असते.

कोंडी कोणाची?

बायपासच्या बाजूने सर्वांत आधी कोंडीचे कारण सांगितले जाते आणि नेमके तेच कोणी तपासत नाही. अडकलेली गाडी गावातून नुसती पुढे जाणारी आहे की गावातच येणारी आहे, यावर सगळे अवलंबून असते, कारण पहिली बायपासने हटते आणि दुसरी हटत नाही. माणगावची कोंडी मुख्यतः परक्या गाड्यांची आहे. मुंबईहून पेणमार्गे आलेली वाहतूक आणि पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे आलेली वाहतूक तेथे एकत्र येते, म्हसळा–श्रीवर्धनकडे जाणारी मोर्बा रस्त्याला तेथेच फुटते आणि गणपतीच्या आधी चाकरमान्यांची सगळी रांग त्याच बाजारपेठेतून सरकते. अशा गावाला बायपासवाचून इलाज नाही. कणकवलीचे चित्र वेगळे आहे. तेथे गोव्याकडे जाणारी वाहतूक पुलावरून निघून जाते, पण आचरा रस्त्याने आणि आसपासच्या वाड्यांतून बाजाराला, दवाखान्याला आणि एसटी स्टँडला येणारी वाहने पुलाखालीच असतात. ती बायपास केला असता तरी तिथेच राहिली असती.

आपल्या गावाचे उत्तर काढायला सल्लागार कंपनीची वाट पाहावी लागत नाही. गावाच्या दोन्ही वेशींवर वही घेऊन दोन-दोन मुले बसवावीत, त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहावी आणि संध्याकाळी दोन्ही वह्या समोरासमोर धराव्यात. एका टोकाला आत शिरलेला क्रमांक पंधरा-वीस मिनिटांत दुसऱ्या टोकाला निघाला, तर ती गाडी पुढे जाणारी. ही मोजणी आठवडा बाजाराच्या दिवशी एकदा, मे महिन्यातल्या शनिवारी एकदा आणि एखाद्या साध्या बुधवारी एकदा करावी. वहीत एमएच ०७ची, म्हणजे सिंधुदुर्गातलीच, एकच सहा आसनी रिक्षा दुपारपर्यंत पाच वेळा आलेली दिसते, तेव्हा लक्षात येते की तिला बायपास नको आहे, उभे राहायला जागा हवी आहे. माझ्या मते साध्या दिवशी दहांपैकी सहा गाड्या पुढे जाणाऱ्या असतील तर बायपासचा विचार गंभीरपणे करावा. तीन-चारच असतील तर आधी स्टँडसमोरचे पार्किंग, रिक्षांचे थांबे आणि भाजीवाल्यांची जागा यांकडे पाहावे.

जमीन

चौपदरी बायपाससाठी ६० मीटर रुंदीची पट्टी धरली तर एका किलोमीटरला ६ हेक्टर, म्हणजे जवळजवळ १५ एकर जमीन लागते. आठ किलोमीटरच्या बायपासला ४८ हेक्टर. कोकणात एवढी जमीन सरळ रेषेत मिळवायची म्हणजे मळ्यातली भातशेती, आंबा-काजूची कलमे आणि मधली एखादी वाडी यांतून आखणी जाणारच. शिवाय येथील सातबारा पाहिला की एका गटावर तीस-चाळीस नावे असतात. त्यांतली निम्मी मुंबईला, काही मयत आणि त्यांच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ यातील कलमे गावात इंग्रजी अक्षरांनीच ओळखली जातात. जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी ‘थ्री-ए’ची अधिसूचना प्रसिद्ध झाली की जमिनीच्या वापरावर हरकत घेण्यास २१ दिवस मिळतात, ‘थ्री-डी’ निघाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे त्याच्या मालकीची होते, आणि त्यानंतर वाद फक्त मोबदल्याचा उरतो. मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तत्त्वांनी काढला जातो: बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठी १ ते २ यांमधील गुणांक आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. रक्कम कागदावर वाईट नसते, पण हिस्सेदारांत वाटपाचा वाद झाला की प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते आणि पैसे तेथेच पडून राहतात. जमीन गेलेली, रस्ता झालेला आणि हातात काही नाही, अशी स्थिती टाळायची तर वारसनोंदी आणि आणेवारी, म्हणजे सातबाऱ्यावर प्रत्येकाचा हिस्सा किती याची नोंद, यांची कामे आखणीची चर्चा सुरू होताच हाती घ्यावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते कोणी करत नाही.

उड्डाणपुलाला नवीन जमीन फारच थोडी लागते आणि त्याची खरी ताकद हीच आहे. मात्र पुलाच्या दोन्ही बाजूंच्या सेवारस्त्यांसाठी दुकानांचे दर्शनी भाग, ओटे आणि टपऱ्या जातात. थोडक्यात, बायपासचा भार वाडीतला शेतकरी उचलतो आणि उड्डाणपुलाचा भार बाजारपेठेतला दुकानदार. ठरावाच्या बैठकीला दुकानदार आलेला असतो, शेतकऱ्याला बहुधा बैठक झाल्याचेच नंतर कळते.

बांधकामाची वर्षे

उड्डाणपूल बांधताना गावाचा मुख्य रस्ता हीच कामाची जागा असते. चिपळुणात १६ ऑक्टोबर २०२३ रोजी बहादूरशेख नाक्याजवळ काम सुरू असलेल्या पुलाचे गर्डर आणि ते चढवणारी यंत्रणा कोसळली. जीवितहानी झाली नाही, परंतु ज्या नाक्यावर दिवसभर माणसांची वर्दळ असते तेथे हे घडले. कणकवलीत जुलै २०२० च्या पावसात पुलाच्या जोडरस्त्याच्या भिंतीचा भाग खालच्या सेवारस्त्यावर आला. बांधकामातील चूक बायपासवरही होते, पण तेथे ती शेतात पडते.

याउलट बायपासचा धोका रखडण्यात आहे. उड्डाणपूल अर्धवट राहिला तर सगळे गाव ओरडते आणि काम पुढे सरकते. बायपास अर्धवट राहिला तर कोणाच्या दारात काहीच दिसत नाही. माणगावला जाणाऱ्या प्रत्येकाने गेली कित्येक वर्षे हेच भोगले आहे. म्हणून बायपासला संमती देताना मधल्या काळासाठी गावातल्या रस्त्याची डागडुजी, दुभाजक आणि वाहतूक पोलीस यांची तरतूद त्याच ठरावात मागावी.

पाणी

कोकणातली बहुतेक तालुक्याची गावे नदीकाठी, डोंगरांच्या मधल्या बशीत वसलेली आहेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, त्याच पावसात महाडलाही पुराने वेढले. अशा ठिकाणी बायपासची आखणी सहसा मळ्यांतून जाते, कारण डोंगर फोडण्यापेक्षा भराव टाकणे स्वस्त पडते. पाच-सहा मीटर उंचीचा भराव पूरमैदान ओलांडून गेला की तो रस्ता राहत नाही, बांध होतो. वरच्या अंगाला पाणी तुंबते, खालच्या अंगाला मोरीच्या तोंडातून ते जोराने सुटते आणि पूर्वी कधी न बुडालेली वाडी पहिल्याच पावसाळ्यात बुडते. खांबांवरचा उड्डाणपूल या बाबतीत निर्धोक वाटतो, पण त्याच्या दोन्ही टोकांचे भिंतबंद उतार हेही गावाच्या मध्यभागी घातलेले बांधच असतात आणि जुनी गटारे त्यांच्याखाली गाडली जातात.

आखणीचा नकाशा समोर आला की त्यावर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नेहमीच्या मोठ्या आणि क्वचित येणाऱ्या महापुराच्या पाण्याची हद्द, काढून मागावी. प्रत्येक व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, मोरी आहे का, तिची रुंदी किती आणि ती कोणत्या वर्षाच्या पुरावर बेतली आहे, हे लेखी विचारावे. व्हाळ कोठे कोठे आहेत हे कार्यालयातल्या नकाशापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला अधिक ठाऊक असते. त्याला घेऊन एकदा आखणीवरून चालत जावे. माझ्यापुरते सांगायचे तर या एका मुद्द्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मी बायपासच्या विरोधात मत देईन, मग कोंडी कितीही असो.

बाजारपेठ

सावंतवाडीत पूर्वी गोव्याला जाणारी गाडी मोती तलावाच्या काठाने जायची. चितार आळीतली लाकडी खेळणी घ्यायला ती थांबायचीच असे नाही, पण थांबू शकत होती. आता ती झारापहून सरळ बांद्याकडे निघते आणि सावंतवाडीला यायचे असेल तर ठरवून वळावे लागते. चहाची टपरी, खानावळ, पंक्चरवाला, पेट्रोल पंप आणि पर्यटकांवर चालणारी दुकाने यांना अशा बदलाची झळ लागते. कापड, किराणा, सोने आणि औषधे यांची गिऱ्हाइके तालुक्यातली असतात. ट्रक हटल्यावर त्यांना रस्ता ओलांडता येऊ लागतो, हा उलट फायदाच.

व्यापारी संघटना बायपासला विरोध करताना उड्डाणपूल मागतात, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. पुलावरून जाणारी गाडीही खाली थांबत नाही. टपरीवाल्याचे गिऱ्हाईक दोन्ही पर्यायांत सारखेच जाते, फरक इतकाच की पुलाच्या पर्यायात त्याच्या डोक्यावर सावली आणि पावसाळ्यात पाइपातून पडणारे पाणी राहते.

बायपासची खरी गैरसोय बसने येणाऱ्याला होते. मुंबईहून येणारी खासगी बस पहाटे चार वाजता गावात न शिरता तिठ्यावर, म्हणजे गावचा रस्ता फुटतो तेथे, माणसे उतरवते. तेथे दिवा नाही, निवारा नाही आणि रिक्षावाला म्हणेल ते भाडे. तिठ्यावर निवाराशेड, दिवे आणि रिक्षा थांबा हे बायपासच्या आराखड्याचाच भाग असले पाहिजेत.

पंधरा वर्षांनंतर

पुण्याच्या कात्रज–देहूरोड बायपासची आठवण येथे उपयोगी पडते. शहराबाहेरून जाण्यासाठी काढलेल्या त्या रस्त्यावर आज वारजे, बाणेर, वाकड उभे आहे आणि नवले पुलाच्या उतारावर होणारे अपघात नेहमीच बातमीत असतात. छोट्या गावात हे इतक्या मोठ्या प्रमाणात होणार नाही, पण बायपासच्या कडेला धाबे, गोदामे, मंगल कार्यालये येणे अटळ असते आणि प्रत्येक जण दुभाजकात आपल्यासाठी एक तोंड मागतो. अशी तोंडे उघडत गेली की बायपासला पुन्हा बायपास लागतो. म्हणून गावाने किती ठिकाणी जोड हवा हे आधीच, शक्यतो दोन किंवा तीन ठिकाणी, ठरवून घ्यावे, बाकी सर्व वाहतूक भुयारी मार्गाने रस्त्याखालून काढावी आणि इमारत रेषेच्या, म्हणजे रस्त्यापासून ज्या अंतरापर्यंत बांधकाम करायचे नसते त्या हद्दीच्या, आत एकही परवानगी न देण्याचा नियम स्वतःवर घालून घ्यावा. उड्डाणपुलाला हा प्रश्न येत नाही. त्याच्या कडेला काही बांधताच येत नाही.

शेवटची बाब जुन्या रस्त्याची. बायपास सुरू झाला की गावातला टप्पा राष्ट्रीय महामार्गाच्या यादीतून निघतो, त्याची एकदाच सुधारणा करून तो राज्याकडे किंवा स्थानिक संस्थेकडे सोपवला जातो आणि त्यानंतरचे खड्डे आपले. त्या एकदाच्या सुधारणेत गटारे, पदपथ, झाडे आणि रस्त्यावरचे दिवे यांतले काय काय धरले आहे हे हस्तांतराच्या कागदावर सही होण्यापूर्वी वाचून घ्यावे, कारण नगरपंचायतीच्या तिजोरीतून चार-पाच किलोमीटरचा माजी महामार्ग सांभाळणे हे घरपट्टीच्या उत्पन्नात बसणारे काम नव्हे.