‘सीलबंद’ बूस्टर आणि आतल्या बदललेल्या मिनिएचर: एक सावधगिरीचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक साहसांच्या खेळाच्या जुन्या, रंगवलेल्या मिनिएचर, म्हणजे पटावर मांडायच्या छोट्या आकृत्या, गोळा करणारे आणि त्यासाठी अमेरिकेतील विक्रेत्यांकडून ‘सीलबंद’ बूस्टर, म्हणजे आत कोणत्या आकृत्या आहेत हे बाहेरून न कळणारी बंद खोकी, मागवणारे जे कोणी असतील, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. नाव उद्या बदलता येते. फसवण्याची रीत मात्र तीच राहते आणि ती ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

या फसवणुकीला वाव मिळाला तो मिनिएचर विकण्याची पद्धत बदलल्यामुळे. ओहायोतील राल पार्था किंवा इंग्लंडमधील सिटाडेल या उत्पादकांच्या धातूच्या मिनिएचर पूर्वी बहुधा ब्लिस्टरमध्ये मिळत, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगवटा आणि त्यात आकृती. रंगवण्याचे काम घेणाऱ्यालाच करावे लागे, पण आपण काय घेत आहोत हे दुकानातच दिसत असे. २००० साली विझकिड्स या कंपनीने ‘मेज नाइट’ हा खेळ आणला आणि रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या मिनिएचर बंद बूस्टरमधून विकल्या. २००३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनेही ‘हार्बिंजर’ या ८० आकृत्यांच्या संचापासून तोच मार्ग धरला: बंद खोके, आत आठ आकृत्या, त्यांपैकी एक रेअर, म्हणजे दुर्मीळ, आणि ती कोणती हे खोके उघडल्याशिवाय कळायचे नाही. हाती ब्रश न घेता रंगवलेली फौज मिळणे हा मोठा आनंद होता आणि त्या पद्धतीला मी सरसकट नावे ठेवणार नाही. मात्र माल डोळ्यांनी पारखून घेण्याची सोय गेली आणि कारखान्यातून निघाल्यावर खोके कोणी उघडलेले नाही, एवढ्या एकाच भरवशावर व्यवहार होऊ लागला. २००९ मध्ये कंपनीने काही आकृत्या पुन्हा दिसतील अशा वेष्टनात आणल्या, पण २०११ मध्ये ही मालिकाच थांबली. तेव्हापासून न उघडलेले जुने बूस्टर केवळ खासगी विक्रेत्यांकडे मिळतात आणि मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जातात.

मला हवा होता २००५ च्या ‘डेथनेल’ या ६० आकृत्यांच्या संचातील बिहोल्डर हा राक्षस. तो रेअर असल्यामुळे कोणत्याही खोक्यात तो निघेलच असे नसते, हे गृहीत धरूनच मी काही बूस्टर मागवले. भारतात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेल्यामुळे आमच्यापैकी अनेक जण असा माल तिकडच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर पाठवून घेतात आणि कोणी पुण्याला येणार असेल तेव्हा त्यांच्या सामानातून आणवतात. मीही न्यू जर्सीतील भाच्याचा पत्ता दिला. माल भारतात जाणार आहे हे कळताच विक्रेत्याने आपुलकीने कळवले, की मध्ये कोणाला खोकी उघडू देऊ नका, सीलबंद मालाचीच किंमत टिकते. या वाक्याचा हेतू आता मला स्वच्छ दिसतो. ज्या संकेतस्थळावरून मी हे बूस्टर घेतले, तिथे तक्रार करण्याची मुदत माल पोहोचल्यापासून ३० दिवसांची होती आणि भाचा दिवाळीला घरी आला तेव्हा ती केव्हाच उलटून गेली होती.

प्रत्येक खोक्यात आकृत्या आठच होत्या, त्यामुळे वरवर पाहता सारे ठीक वाटले. खरी माहिती आकृतीच्या बैठकीखाली, म्हणजे ती ज्या चकतीवर उभी असते तिच्या तळाशी, असते. तिथे नाव, संचातील क्रमांक आणि दुर्मीळतेची खूण छापलेली असते: कॉमनसाठी (सहज मिळणारी) वर्तुळ, अनकॉमनसाठी (कमी मिळणारी) पत्त्यांतल्यासारखी चौकट, रेअरसाठी तारा. दोन खोक्यांत तारा असलेली एकही आकृती नव्हती. तिसऱ्यात तारा होता, पण त्या आकृतीचा क्रमांक ६० पैकी नसून ८० पैकी होता, म्हणजे ती हार्बिंजरमधील होती. डेथनेलच्या खोक्यात हार्बिंजरची आकृती कारखान्यातून येऊच शकत नाही. मग झाकणे नीट तपासली, तर पुठ्ठ्याचा वरचा थर गोंदाबरोबर सुटून आलेला होता आणि त्यावर दुसऱ्या, अधिक पारदर्शक गोंदाचा थर होता. काही आकृत्यांच्या कडांवरचा रंगही हाताळून झिजलेला होता.

विक्रेत्याचे उत्तर असे, की बंद खोक्यात काय निघेल याची हमी कोणीच देत नाही. हे उत्तर मला सर्वांत संतापजनक वाटते. आत कोणती रेअर निघेल याची हमी नसते हे खरे. पण एक रेअर असेल आणि ती त्याच संचातील असेल, ही हमी तर खोक्यावरच दिलेली असते. नशिबाचा भाग कोठे संपतो आणि चोरी कोठे सुरू होते, हे ग्राहकाला सांगता येणार नाही, या अंदाजावरच हा धंदा उभा आहे.

म्हणून जुन्या संचातील ठरावीक आकृती हवी असेल तर ती सुटीच घ्यावी आणि बैठकीच्या खालच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र आधी मागावे. ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार करू नये. बंद खोकेच घ्यायचे असेल तर ज्याच्या पत्त्यावर ते जाईल त्याने मुदतीच्या आत, सलग चित्रीकरण करत ते उघडावे, मग सीलबंद मालाची किंमत गेली तरी चालेल. केवळ खेळण्यासाठी मिनिएचर हव्या असतील तर २०१७ पासून मिळणाऱ्या विझकिड्सच्या ‘नोल्झर’ मालिकेतील किंवा रीपर कंपनीच्या ‘बोन्स’ मालिकेतील न रंगवलेल्या आकृत्या पारदर्शक वेष्टनात असतात.

संकेतस्थळाने मुदत संपल्याचे कारण देऊन माझी तक्रार बंद केली. बैठकींच्या आणि झाकणांच्या छायाचित्रांसह मी कार्ड देणाऱ्या बँकेकडे अर्ज केला आहे. त्याचा निर्णय अजून आलेला नाही. विक्रेत्याच्या पानावर डेथनेलचे आणखी काही बूस्टर, माझ्या वेळी होते त्याच छायाचित्रासह, आजही विक्रीला आहेत.