तिकडं पोचल्यावर काम बंद पडलं तर? कोविडकाळात नव्याने आलेल्यांना कोणत्या देशाने काय दिलं

बडोद्यात अलकापुरीत किंवा सयाजीगंजात कुठल्याही व्हिसा कन्सल्टंटकडे जा, टेबलावर एक तक्ता सरकवला जातो. फी किती, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बॅन्ड किती हवेत, शिकून झाल्यावर वर्क परमिट किती वर्षांचं, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, कधी. त्या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो. पोरगं तिकडं जाऊन सहा-आठ महिने झालेत, अजून कोणी ओळखीचं नाही, आणि एका आठवड्यात सगळी दुकानं, हॉटेलं, ऑफिसं बंद. अशा वेळी तिथलं सरकार त्याला हातखर्चाला काही देतं का?

२०२० मध्ये हे खरोखर घडलं. तेव्हाच्या योजना आता सगळ्या बंद आहेत, त्यामुळे खालचं वाचून कोणी अर्ज करायला जाऊ नये. पण घाईघाईत, काही आठवड्यांत, प्रत्येक देशाला ठरवावं लागलं की आपला माणूस कोण आणि पाहुणा कोण. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंपेक्षा मला ते निर्णय जास्त बोलके वाटतात. दांडिया बाजारातल्या किंवा मांजलपूरच्या घरात सध्या 'कॅनडा की ऑस्ट्रेलिया' हा वाद चालू असेल, तर हा रकाना त्यात जोडून बघा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. देशाचं नाव बघू नका, पैसा कुठल्या वाटेने आला ते बघा. कॅनडाने विचारलं, मागच्या वर्षात कमाई किती? ब्रिटन, जर्मनी आणि न्यूझीलंडने पैसा मुख्यतः मालकामार्फत दिला. ऑस्ट्रेलियाने पहिल्या वर्षी आधी व्हिसा बघितला. तुमचा मुलगा किंवा मुलगी विद्यार्थी आहे, नोकरदार आहे की ताजा पीआर, यावर उत्तर पार बदलतं.

विद्यार्थी

आपल्याकडून जाणारे बहुतेक हेच, म्हणून इथे जरा थांबू.

कॅनडाच्या सर्ब योजनेत, म्हणजे कोविडमुळे काम थांबलेल्यांच्या सरकारी भत्त्यात, दर चार आठवड्यांना २,००० डॉलर मिळत. अर्ज ६ एप्रिल २०२० पासून सुरू झाले. नागरिकत्वाची अट नव्हती, पीआरचीही नव्हती. वय १५ पूर्ण, कॅनडात वास्तव्य, चालू सिन नंबर (तिकडे कामासाठी लागणारा सरकारी क्रमांक), २०१९ मध्ये किंवा अर्जाआधीच्या १२ महिन्यांत किमान ५,००० डॉलरची कमाई, आणि कोविडमुळे काम थांबलेलं असणं, एवढं पुरत होतं. म्हणजे स्टडी परमिटवरचा मुलगासुद्धा पात्र ठरू शकत होता.

हे ५,००० डॉलर म्हणजे किती काम? ऑन्टॅरिओत तेव्हा किमान वेतन तासाला १४ डॉलर. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर आठवड्याला २० तास कामाची मुभा होती. आठवड्याचे झाले २८० डॉलर, म्हणजे ५,००० गाठायला साधारण अठरा आठवडे. सप्टेंबर २०१९ मध्ये उतरून लगेच कामाला लागलेला जेमतेम बसला. जानेवारी २०२० मध्ये उतरलेल्याचे मार्चच्या मध्यापर्यंत तीन हजारही होत नव्हते.

पण ही कमाई कॅनडातलीच असली पाहिजे असं नियमात नव्हतं, आणि हे पुष्कळांना तेव्हा माहीतच नव्हतं. समजा एकाने मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत २०१९ चं वर्षभर २५,००० रुपये महिन्याने नोकरी केली आणि जानेवारीत तो टोरान्टोला उतरला. त्याचे तीन लाख रुपये तेव्हाच्या दराने साडेपाच हजार डॉलरच्या वर जात होते. तिकडे लागलेलं पार्टटाइम काम कोविडने बंद पडलं की तो पात्र. त्याच विमानातून उतरलेला, कॉलेजातून थेट गेलेला त्याचा मित्र त्याच दुकानात तेवढेच तास काम करूनही अपात्र. आधी दोन वर्षं नोकरी करून मग परदेशी जाण्याचा एक फायदा असाही असतो, हे कन्सल्टंट सांगत नाही.

ज्यांचे ५,००० भरत नव्हते अशा विद्यार्थ्यांसाठी कॅनडाने मे ते ऑगस्ट २०२० या काळात वेगळी योजना आणली, चार आठवड्यांना १,२५० डॉलर. ती मात्र नागरिक, पीआर आणि संरक्षित निर्वासितांपुरती ठेवली. परदेशी विद्यार्थी त्यातून बाहेर. त्यांना त्याऐवजी मिळाली ती अत्यावश्यक सेवांमध्ये २० तासांपेक्षा जास्त काम करायची तात्पुरती परवानगी. पैसे नाहीत, काम करा, असा त्याचा सरळ अर्थ.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसा म्हटलं की केंद्राच्या दोन्ही मोठ्या योजना, नोकरीवाल्यांची जॉबकीपर आणि बेकारांची जॉबसीकर, बंद. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाधारकांनी मायदेशी परत जावं असंच सांगितलं. जायचं कसं? भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली होती, आणि अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची पहिली उड्डाणं ७ मे रोजी निघाली.

एक सवलत दिली होती. बारा महिन्यांहून जास्त काळ तिथे असलेल्या विद्यार्थ्याला आपल्या निवृत्ती निधीतून, ज्याला तिकडे सुपर म्हणतात, १०,००० डॉलरपर्यंत काढता येत होते. आकडा ऐकायला छान. पण मालक तेव्हा पगाराच्या साडेनऊ टक्के सुपर भरत. किमान वेतनावर आठवड्याला २० तास काम करणाऱ्याचे वर्षाला जमायचे दोन हजारांच्या आतच. आणि तो पैसा मुळात त्याचाच. याला सरकारी मदत म्हणणं मला पटत नाही. राज्यांनी थोडी लाज राखली. व्हिक्टोरियाने अडचणीतल्या परदेशी विद्यार्थ्यांना १,१०० डॉलरपर्यंत एकरकमी मदत दिली.

जर्मनीने आवाज न करता बरं काम केलं. जून २०२० पासून तंगीत असलेल्या विद्यार्थ्यांना महिन्याला ५०० युरोपर्यंत मदत मिळाली, परत न करायची. खात्यात किती शिल्लक आहे त्यावर रक्कम ठरायची, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही ती खुली होती. केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं बिनव्याजी शैक्षणिक कर्जही त्या काळापुरतं त्यांच्यासाठी उघडलं, पण ते कर्जच. शिकता शिकता अर्धवेळ काम करणाऱ्यांना मात्र कामगारांच्या योजनेतून काही मिळालं नाही, कारण ते बेरोजगारी विम्याचा हप्ता भरत नसतात.

वर्क परमिटवरचे

इथे ब्रिटन पुढे येतं. फर्लो योजनेत, म्हणजे नोकरीवरून न काढता घरी बसवलेल्या कामगाराला, ८० टक्के पगार, महिन्याला कमाल २,५०० पौंड, सरकार मालकाच्या हाती देत होतं, आणि ती योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली. व्हिसा कोणताही चालत होता. आपल्या लोकांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' हा शेरा असतो, म्हणजे सरकारी भत्त्यांना हात लावायचा नाही. फर्लोचा पैसा त्यात मोजला जाणार नाही, असं सरकारने स्पष्ट केलं होतं. अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थीही पगारपटावर असेल तर यात बसला.

खोच तारखेत होती. सुरुवातीला २८ फेब्रुवारी २०२० ला पगारपटावर असणं आवश्यक होतं, नंतर ती तारीख १९ मार्च केली, तीही कर खात्याकडे तोवर नोंद गेली असेल तरच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुजू झालेल्याचा पहिला पगार महिनाअखेरीस नोंदवला जायचा. असा माणूस योजनेबाहेर राहिला, आणि नव्याने आलेल्यांमध्ये असे असणारच. शिवाय फर्लोवर ठेवायचं की काढून टाकायचं हे मालकाच्या हातात. काढलं तर त्या शेऱ्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिटचा भत्ताही नाही.

जर्मनीत कुर्त्सआर्बाइट, म्हणजे कमी तासांच्या कामाची योजना. तास कमी झाल्याने बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. पुढे चौथ्या आणि सातव्या महिन्यापासून हे प्रमाण वाढवत ८० आणि ८७ पर्यंत नेलं. राष्ट्रीयत्व विचारलं जात नव्हतं, विम्याचा हप्ता भरताय का एवढंच. न्यूझीलंडची वेतन अनुदान योजनाही मालकामार्फतच चालली, पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला ५८५.८० डॉलर, आणि कायदेशीर काम करणारा तात्पुरता व्हिसाधारक त्यात धरला होता.

कॅनडात वर्क परमिटवाल्याला मालकाच्या मर्जीची गरज नव्हती, सर्बचा अर्ज त्याने स्वतः करायचा. हा फरक मोठा आहे. छोट्या हॉटेलचा मालक स्वतःच बुडालेला असताना तुमच्यासाठी कागद भरत बसेलच असं नाही. फक्त तात्पुरत्या रहिवाशाचा सिन ९ ने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. परमिट वाढवल्यावर तो अद्ययावत करायचं विसरू नये.

ऑस्ट्रेलियाची जॉबकीपर योजना पंधरवड्याला १,५०० डॉलरची, पण नागरिक, पीआर आणि खास व्हिसावरचे न्यूझीलंडवासी एवढ्यांचीच. वर्क व्हिसावर वर्षानुवर्षं कर भरणारे आपले लोक बाहेर राहिले. २०२१ मध्ये सिडनी-मेलबर्नला पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा त्याच सरकारने कोविड डिझास्टर पेमेंट काढलं आणि त्यात कामाचा हक्क असलेले व्हिसाधारक, विद्यार्थीसुद्धा, घेतले. ऑगस्टपासून २० किंवा जास्त तास बुडालेल्याला आठवड्याला ७५० डॉलर मिळत होते. वर्षभरात एवढं मतपरिवर्तन. ऑस्ट्रेलिया वाईट म्हणून त्यावर फुली मारणाऱ्यांनी हे दुसरं वर्षही बघावं.

अमेरिकेचं थोडक्यात. मार्च २०२० च्या कायद्यात माणशी १,२०० डॉलर होते आणि कराच्या दृष्टीने रहिवासी ठरणारा, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूसही त्यात येत होता. पण बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि दोघांचं विवरणपत्र एकत्र, तर सगळ्या कुटुंबाला शून्य. डिसेंबर २०२० मध्ये ते मागल्या तारखेपासून दुरुस्त केलं. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी पहिली पाच वर्षं साधारण अनिवासीच धरले जातात, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता.

ताजा पीआर

लोकांचा समज असा की पीआरचा शिक्का बसला की चिंता मिटली. कॅनडात नेमका उलट प्रकार झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये पीआर घेऊन उतरलेलं कुटुंब, इथली उत्तम नोकरी सोडून गेलेलं, म्हणजे ५,००० ची अट आरामात पूर्ण. पण तिकडे अजून काम मिळालेलंच नव्हतं, आणि नियम म्हणत होता की कोविडमुळे काम थांबलेलं हवं. नोकरी शोधत असणं म्हणजे काम थांबणं नव्हे. त्यांना सर्ब नाही, आणि वर्षभर दुकानात काम केलेल्या स्टडी परमिटवाल्याला आहे.

ऑस्ट्रेलियात नव्या पीआरला बेकारभत्त्यासाठी २०१९ पासून चार वर्षं थांबावं लागायचं. महामारीत ही प्रतीक्षा ३१ मार्च २०२१ पर्यंत उठवली. एकट्या माणसाला जॉबसीकर आणि २७ एप्रिलपासूनचा पूरक भत्ता मिळून पंधरवड्याला १,१०० डॉलरच्या थोडं वर पडत होते. तिथे एक दिवस काम केलेलं नसलं तरी. त्या एका गटासाठी ऑस्ट्रेलियाने कॅनडाला मागे टाकलं.

आपल्याकडे नव्याने आलेल्याचं काय होतं हेही जाता जाता आठवावं. खानदेशातून बडोद्याला कामाला आलेल्याचं रेशनकार्ड महाराष्ट्राचं. दोन राज्यांत कार्ड चालण्याची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांपासून झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातची. तरी सगळ्यांना ते ठाऊक होतं असं नाही.

घेतलेला पैसा परतही मागतात

कॅनडाने आधी पैसे दिले, तपासलं नंतर. सर्बवर कर लागू होता, पण देताना कापला नव्हता. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना अनेकांना धक्का बसला. मग पात्रता सिद्ध करा अशी पत्रं गेली. स्वयंरोजगारवाल्यांचे ५,००० ढोबळ की निव्वळ यावर गोंधळ झाला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ढोबळ उत्पन्नावर प्रामाणिकपणे अर्ज केलेल्यांना, बाकी अटी पूर्ण असतील तर, परतफेडीतून सूट द्यावी लागली. भारतातल्या पगारावर पात्र ठरलेल्याकडे पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट असेल तर ठीक. म्हणून जाताना फॉर्म १६ आणि मागच्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपा स्कॅन करून न्याव्यात.

मग ठरवायचं कसं? पहिल्याच सत्रापासून काम करणार असेल तर कॅनडाची पद्धत त्याच्या बाजूची. काम न करता शिकायचं असेल तर जर्मनी. हातात नोकरीचं पत्र घेऊन जाणाऱ्याने ब्रिटनला उगाच घाबरू नये, पण मोठा मालक बघावा. पीआर मिळालाय आणि नोकरी नाही, तर मी ऑस्ट्रेलिया निवडेन, मात्र ती चार वर्षांची अट उठवली होती ती तेवढ्यापुरतीच, हे धरून.

पहिल्या सहा महिन्यांची सोय कुठल्याच देशाने नीट केली नाही, आणि सरकारं ते मनात ओळखून आहेत. म्हणून तर विद्यार्थ्याला आधीच पैसे दाखवायला लावतात. कॅनडाने जीआयसीची, म्हणजे तिथल्या बँकेत आधीच ठेवायच्या ठेवीची, रक्कम १०,००० वरून जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ डॉलर केली आणि नंतर आणखी वाढवली. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला, ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. ऑस्ट्रेलिया मे २०२४ पासून २९,७१० डॉलर दाखवायला सांगतं. कित्येक घरं ही रक्कम उसनी आणून दाखवतात आणि व्हिसा आला की परत करतात. तसं करू नका.

आणि तिकडे ओळखीच्या हॉटेलात रोखीने काम मिळत असेल, तासाला दोन डॉलर जास्तही मिळत असतील, तरी नाही म्हणायला सांगा. २०२० मध्ये रोखीवाल्याकडे ५,००० डॉलरचा पुरावा नव्हता, पगारपटावर त्याचं नाव नव्हतं, सुपरमध्ये एक डॉलर नव्हता. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, या तिन्ही देशांत त्याचा अर्ज भरायला कागदच नव्हता.