उरलेल्या मेजवानीसाठी झाकणाची काचेची बेकिंग डिश: वापरानंतरचे परीक्षण

सणाच्या मोठ्या जेवणानंतर जे उरते ते थोडे थोडे आणि अनेक प्रकारचे असते. भाजलेल्या भाज्या, शिजवलेल्या मांसाचे काही तुकडे, वाडगाभर कुस्करलेले बटाटे, कालचा पाव किंवा भात, भांड्याच्या तळाशी राहिलेला दाट रस्सा. यांपैकी एकाही पदार्थाने एक वेळचे जेवण होत नाही. मात्र हे सगळे एका भांड्यात थरांनी लावून, वर सॉस ओतून ओव्हनमध्ये भाजले, तर सहा ते आठ माणसांना पुरेल असे कॅसरोल फारशा श्रमांशिवाय तयार होते. या कामासाठी मी बरीच वर्षे ३३ सेंटिमीटर लांब, २३ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ५ सेंटिमीटर खोल अशी बोरोसिलिकेट काचेची, प्लॅस्टिकचे झाकण असलेली बेकिंग डिश वापरत आले आहे. या मापाच्या डिश अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्यात फरक थोडाच असतो, त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या भांड्याचे आहे असे समजावे.

माझे मत आधीच सांगते. उरलेले अन्न नव्याने भाजण्यासाठी याहून सोयीचे भांडे मला मिळालेले नाही, परंतु ‘फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये’ या ज्या सोयीसाठी लोक ते विकत घेतात, नेमक्या त्याच सोयीच्या बाबतीत सर्वांत अधिक जपावे लागते.

काचेचा मोठा गुण म्हणजे आत काय चालले आहे ते दिसते. ताज्या कच्च्या पदार्थांची पाककृती लिहिलेल्या मापांप्रमाणे नीट पार पडते, पण उरलेल्या अन्नात ओलावा किती आहे हे आधीपासून कोणालाच नेमके ठाऊक नसते. कालचा भात सॉस भराभर पिऊन टाकतो, तर भाजलेला भोपळा किंवा टोमॅटो उलट पाणी सोडतो. काचेच्या बाजूने पाहिले की सॉस कोणत्या थरापर्यंत पोहोचला आहे, कडेला बुडबुडे येऊ लागले आहेत की नाहीत आणि तळाचा पाव सोनेरी झाला आहे की अजून पांढराच आहे, हे ओव्हनचे दार न उघडता, निव्वळ दिव्याच्या उजेडात कळते. सॉस मध्यावरच थांबलेला दिसला, तर अर्धी वाटी कोमट दूध किंवा गरम रस्सा कडेने सोडता येतो. मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ही गोष्ट वाढताना लक्षात येते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

खोली हा दुसरा गुण, आणि तो खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एकसंध, घट्ट पदार्थाच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे थर दुप्पट जाड केला की वेळ जवळजवळ चौपट होतो. फ्रीजमधले अन्न साधारण ४ अंश सेल्सिअसवर असते आणि उरलेले अन्न सुरक्षितपणे खाण्यासाठी त्याचा मध्यभाग ७४ अंशांपर्यंत तापणे आवश्यक मानले जाते. चार सेंटिमीटरचा थर १८० अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण पाऊण तासात या तापमानाला येतो. आठ-नऊ सेंटिमीटर खोल गोल भांडे काठोकाठ भरले, तर कडा करपून जातात आणि मध्य मात्र कोमटच राहतो. म्हणून उथळ व पसरट डिश घ्यावी आणि पदार्थांचे टोक असलेला साधा थर्मामीटर जवळ ठेवावा, असा माझा आग्रह आहे. वरून बुडबुडे दिसणे म्हणजे मध्य तापला असे नव्हे.

काच उष्णतेची मंद वाहक आहे, त्यामुळे ती तापायला वेळ घेते आणि तापल्यावर बराच वेळ गरम राहते. ॲल्युमिनियमचा ट्रे झटपट तापतो आणि तळाला कुरकुरीतपणा अधिक चांगला देतो, हे मान्य करावे लागेल. ज्यांना तळाचा पाव कडक हवा असेल त्यांना धातूचेच भांडे आवडेल. पण टोमॅटो किंवा लिंबू असलेला पदार्थ उघड्या ॲल्युमिनियममध्ये रात्रभर ठेवता येत नाही, कारण आम्लाची धातूशी क्रिया होऊन चव बिघडते. काचेत ती अडचण नाही. ओव्हनमधून बाहेर काढल्यावरही काच पदार्थाला आणखी काही मिनिटे शिजवत राहते, म्हणून अंड्याचे मिश्रण घातलेले कॅसरोल मध्यभागी किंचित हलत असतानाच बाहेर काढावे आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. तेवढ्यात ते स्थिर होते आणि सुरीने चौकोनी तुकडे नीट कापता येतात. कडा फार लवकर गडद होत असतील, तर ओव्हनचे तापमान १५ अंशांनी कमी करून वेळ थोडा वाढवावा.

आता जपण्याच्या गोष्टीकडे येते. बाजारात ‘ओव्हनप्रूफ’ म्हणून मिळणारी सगळी काच एकाच जातीची नसते. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या सोडा-लाइम काचेच्या जवळजवळ एकतृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तापमानाचा अचानक बदल ती अधिक चांगला सोसते. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९१५ मध्ये स्वयंपाकघरासाठी काचेची भांडी बाजारात आणली, ती याच गुणाच्या बळावर. परंतु पुढच्या काळात कडक केलेल्या सोडा-लाइम काचेच्या बेकिंग डिशही मोठ्या प्रमाणावर विकल्या जाऊ लागल्या. त्या पडल्यावर चटकन फुटत नाहीत, पण तापमानातील मोठी उडी त्यांना तेवढी मानवत नाही. त्यामुळे खोक्यावर ‘बोरोसिलिकेट’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय डिश घेऊ नये.

आणि तो शब्द असला तरी बेफिकीर राहून चालत नाही. काच कोणतीही असो, फ्रीझरमधली डिश सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, गरम डिश ओल्या ओट्यावर किंवा थंड दगडावर टेकवू नये आणि भाजणे चालू असताना कोरड्या तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. बोरोसिलिकेट असूनही मी फ्रीजमधली डिश आधी बाहेर काढून ओव्हन तापेपर्यंत ओट्यावर कोरड्या कापडावर ठेवते; तेवढ्या वेळात अन्नाच्या सुरक्षिततेला बाधा येत नाही आणि काचेवरचा ताण निश्चित कमी होतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे उरलेले पदार्थ वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत, डिश मात्र कपाटातच असू द्यावी आणि भाजायच्या वेळी थर लावून वर कोमट सॉस ओतावा.

याच कारणाने ही डिश ग्रिलच्या थेट आचेखाली वापरता येत नाही. चीजचा थर शेवटी दोन मिनिटे ग्रिलखाली लालसर करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना ही उणीव जाणवेल. त्यावर उपाय आहे, आणि तो मला मूळ पद्धतीहून अधिक आवडतो. पावाचा जाडसर चुरा वितळलेल्या लोण्यात आधी नीट घोळवून घ्यावा, त्यात किसलेले चीज मिसळावे आणि शेवटच्या वीस मिनिटांसाठी तो वर पसरावा. लोण्यामुळे चुरा ओव्हनच्या साध्या उष्णतेतही खमंग आणि लाल होतो.

झाकणाबद्दल माझी खरी तक्रार आहे. ते प्लॅस्टिकचे असल्यामुळे ओव्हनमध्ये चालत नाही, याची कल्पना होती. पण काही काळाने गरम पाण्यात धुऊन धुऊन त्याचा एक कोपरा वर उचलला गेला आणि तेव्हापासून ते घट्ट बसत नाही. फ्रीजमध्ये इतर पदार्थांचा वास न लागण्यासाठी झाकण घट्ट असणे महत्त्वाचे असते, आणि सुटे झाकण सहजासहजी मिळत नाही. डिश अनेक वर्षे टिकणारी, तर झाकण त्याच्या निम्मेही न टिकणारे, ही विसंगती बनवणाऱ्यांनी दूर करायला हवी. ओव्हनमध्ये पहिली पंचवीस मिनिटे तरी डिश ॲल्युमिनियम फॉइलने घट्ट झाकावीच लागते, कारण वाफ आत कोंडली नाही तर वरचा थर मध्य तापण्याआधी वाळून जातो.

या वाफेचे महत्त्व विशेष आहे. शिजलेला भात, बटाटा आणि पाव फ्रीजमध्ये कडक होतात, कारण त्यांतील स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात. ओलाव्यासह उष्णता मिळाली की हा कडकपणा बराचसा सुटतो. कोरड्या उष्णतेत मात्र तो वाढतो. म्हणून सॉसच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. या मापाच्या डिशमध्ये साधारण दीड किलो चिरलेले उरलेले पदार्थ मावतात आणि त्यांना ६०० मिलिलिटरच्या आसपास ओलावा लागतो. ३५ ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतून त्यात थोडे थोडे करून ६०० मिलिलिटर दूध घातले, की योग्य जाडीचा व्हाइट सॉस होतो. उरलेला रस्सा असेल तर तेवढे दूध कमी करावे. पाव अधिक असेल तर सॉसऐवजी ६०० मिलिलिटर दुधात पाच अंडी फेटून ओतावीत आणि पावाला ते शोषून घ्यायला अर्धा तास द्यावा. हा अर्धा तास डिश फ्रीजमध्ये ठेवलेली बरी. मीठ शेवटपर्यंत घालू नये. उरलेल्या प्रत्येक पदार्थात ते आधीच असते, चीजमध्येही असते, आणि खारट झालेले कॅसरोल सुधारता येत नाही.

तळलेले कुरकुरीत पदार्थ आणि पानांची कोशिंबीर यांना या डिशमध्ये जागा देऊ नये, त्यांचा लगदा होतो. मासळी पुन्हा भाजली की कोरडी पडते आणि तिचा वास सगळ्या थरांत उतरतो.

सुरक्षिततेचा मुद्दा भांड्याशी थेट जोडलेला नाही, तरी तो गाळणे मला योग्य वाटत नाही. मेजवानी रंगते तेव्हा अन्न तासन् तास टेबलावर राहते. दोन तासांहून अधिक काळ सामान्य तापमानाला राहिलेले शिजवलेले अन्न कॅसरोलमध्ये घालू नये. भाताबाबत तर अधिकच काटेकोर असावे, कारण त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे एक विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. वेळेत फ्रीजमध्ये गेलेले पदार्थ तीन ते चार दिवसांच्या आत वापरावेत.

डिश धुणे सोपे आहे. कडेला करपलेले चीज गरम पाण्यात थोडा सोडा घालून भिजवले की सुटते. लोखंडी तारेची घासणी मात्र वापरू नये. तिचे बारीक ओरखडे काच कमजोर करतात आणि खोल ओरखडा किंवा टवका दिसला तर डिश ओव्हनमधून कायमची बाद करावी. भरलेली डिश बरीच जड होते आणि दोन्ही टोकांचे कान इतके आखूड असतात की जाड हातमोज्यात ते नीट पकडता येत नाहीत, म्हणून खरेदीच्या वेळी हातमोजे घातल्यासारखी पकड करून डिश उचलून पाहावी.

घरात दोन-तीनच माणसे असतील तर हे मोठे माप घेऊ नये. अर्धवट भरलेल्या मोठ्या डिशमध्ये थर पातळ पसरतो आणि मध्य तापेपर्यंत सॉस आटून जातो. २० सेंटिमीटर लांब-रुंद, तेवढीच उथळ चौकोनी डिश त्यांना पुरेशी आहे. तिच्यासाठी वरील सर्व प्रमाण निम्मे करावे आणि मध्याचे तापमान अर्ध्या तासानंतरच तपासायला सुरुवात करावी.