जुन्या एफआय बाईकचं अ‍ॅव्हरेज आणि ब्लूटूथ स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बाईकच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर बरेच महिने वापरून झालाय, त्यामुळे आता नीट लिहितो. घेतला एकाच कारणासाठी. गाडी जुनी, लिक्विड कूल्ड, सिंगल सिलेंडर, एफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी). आधी ४० च्या आसपास अ‍ॅव्हरेज द्यायची ती हळूहळू ३१-३२ वर आली, आणि मीटरवरचा इंजिनचा पिवळा लाईट मात्र एकदाही लागला नाही. लाईट नाही म्हणजे एफआय ओके असं बहुतेक जण धरून चालतात, मेकॅनिकसुद्धा. पण तो लाईट कधी लागतो तर सेन्सरची वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा रीडिंग अगदीच अशक्य आलं तर. सेन्सर थोडंसं चुकीचं सांगत असेल पण रेंजमध्ये असेल तर ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) त्यावर विश्वास ठेवतो आणि गपचूप पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज खातात ते नेमके असे बिघाड, आणि ते फक्त लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे स्कॅनरवर दिसणाऱ्या सेन्सरच्या चालू रीडिंगमध्ये दिसतात.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. जुन्या बाईकना कारसारखं १६ पिनचं सॉकेट नसतं, ४ किंवा ६ पिनचा कंपनीचा स्वतःचा कनेक्टर असतो, त्याला कन्व्हर्टर केबल लागते, आणि केबल बसली म्हणजे डेटा येईलच असंही नाही कारण काही जुन्या ईसीयूंना स्टँडर्ड भाषाच कळत नाही, त्यांचे बिघाडाचे कोड मीटरवरचा लाईट किती वेळा लुकलुकतो ते मोजूनच वाचायचे. माझ्या गाडीत के-लाईन (एका वायरवरून डेटा पाठवायची जुनी पद्धत) आहे, डेटा येतो पण सावकाश, एकावेळी चारपाच रीडिंगपेक्षा जास्त लावली की आकडे अडकत अडकत बदलतात. टेम्परेचर बघायला ते चालतं, पण ऑक्सिजन सेन्सरसाठी बाकी सगळं बंद करून ते एकच लावावं लागतं.

स्कॅनर लावण्याआधी अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का ते पक्कं करा. टाकी फुल ते फुल, दरवेळी मेन स्टँडवर, सपाट जागेवर, तेवढ्याच पातळीपर्यंत. साईड स्टँडवर एकदा आणि मेन स्टँडवर एकदा असं भरलं तर हिशोबच चुकतो. पुढचं स्प्रॉकेट बदललेलं असेल आणि स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर किलोमीटरच चुकीचे पडतात, मग अ‍ॅव्हरेजचा आकडा खोटा. टायरची हवा, चेनचा ढिलेपणा, आणि चाक हवेत उचलून हाताने फिरवून ब्रेक घासतोय का हेही तेव्हाच बघून घ्या, याला काहीच लागत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं असेल तर तेवढा फरक मान्य करावाच लागतो, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिश्रण असेल तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के घट. पण ४० चे ३१ त्याने होत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, टेम्परेचर. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी फक्त चावी ऑन करून कूलंट टेम्परेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर शेजारी शेजारी बघा. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत कारण इंजिन पूर्ण थंड आहे. कूलंटचा आकडा बराच खाली दिसला तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर संशयित. हा सेन्सर थंड असताना काही हजार ओहम आणि गरम झाल्यावर काहीशे ओहम दाखवतो, त्यामुळे कनेक्टरमध्ये गंज चढून रेझिस्टन्स वाढला की ईसीयूला वाटतं इंजिन थंडच आहे आणि तो जास्तीचं पेट्रोल देत बसतो. कोड येत नाही, लाईट लागत नाही.

माझ्याकडे सकाळचे आकडे जुळले, म्हणजे सेन्सर बरोबर. मग चालत्या गाडीत बघितलं तर ट्रॅफिकमध्ये ८०-८५ पर्यंत जायचं आणि मोकळ्या रस्त्याला वेग धरला की उतरत उतरत ६५ च्याही खाली. हे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकल्याचं लक्षण, कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतंय आणि इंजिन तापूच शकत नाही, लूप स्टेटस पण कितीतरी वेळ ओपनच दाखवायचं, म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे न बघताच पेट्रोल देतोय. हायवेला अ‍ॅव्हरेज शहरापेक्षा चांगलं मिळायला हवं ते उलटं का मिळत होतं त्याचा उलगडा तिथे झाला. गाडी गरम होत नाही ही तक्रार कोणी करत नाही, उलट बरंच वाटतं, म्हणून हा बिघाड वर्षानुवर्षं तसाच राहतो. थर्मोस्टॅट बदलल्यावर ३६ पर्यंत आली.

उरलेलं सापडलं फ्युएल ट्रिममध्ये. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन बघतो, नॅरोबँड (साध्या प्रकारचा) असेल तर व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भरभर वरखाली व्हायला पाहिजे, एकाच जागी बसून राहिलं तर गडबड. त्याच्या आधारे ईसीयू मूळ हिशोबात किती टक्के पेट्रोल वाढवतोय की कापतोय ते म्हणजे ट्रिम. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. माझ्याकडे लाँग टर्म ट्रिम आयडलला १४ च्या वर प्लस होती, म्हणजे ईसीयूला मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटत होतं. लीन म्हटलं की लगेच इंजेक्टर क्लीनिंग करायला सांगतात, पण त्याआधी बेंड पाईप (एक्झॉस्टचा पाईप) जिथे इंजिनच्या हेडला बसतो तो जॉइंट बघा. तिथलं गॅस्केट फुंकलं की पल्सच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. जॉइंटवर काळी काजळी होती आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज यायचा. गॅस्केट बदललं, लर्निंग (ईसीयूने साठवून ठेवलेली ट्रिम) रीसेट केलं, थोडी चालवल्यावर ट्रिम ३ च्या आत, आणि अ‍ॅव्हरेज ३९-४० वर स्थिर. मला या दोन रिपेअरचं मनापासून समाधान आहे कारण एकही पार्ट अंदाजाने बदलावा लागला नाही.

एअर फिल्टर बदला हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. कार्ब्युरेटरमध्ये चोक झालेल्या फिल्टरने मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं हे खरं, पण एफआयमध्ये ईसीयू फिल्टरनंतरची हवा मोजतो, हवा कमी तर पेट्रोलही कमी. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये आधुनिक गाड्यांवर हे तपासलं होतं, चोक फिल्टरने अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षात येण्यासारखा फरक नाही, पिकअप मात्र मार खातो. फिल्टर वेळेवर बदलाच, पण ९ किलोमीटर परत मिळतील या आशेने नको.

स्कॅनरला काय दिसत नाही तेही सांगतो. फ्युएल प्रेशर दिसत नाही, ते गेज लावूनच मोजायचं, बऱ्याच बाईकना ३ बारच्या आसपास असतं पण आपल्या मॅन्युअलचा आकडा धरा. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) टाईट झालेत का, क्लच स्लिप होतोय का, इंजेक्टरचा स्प्रे कसा पडतोय, यातलं काहीच थेट कळत नाही. टॅपेट तर जुन्या गाडीत मी आधीच चेक करायला सांगेन, कारण कम्प्रेशन गेलं की व्हॅक्यूम कमी होतो, मॅप सेन्सर (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) लोड जास्त असल्याचं सांगतो आणि स्क्रीनवर सेन्सरचाच दोष वाटतो.

वापरताना त्रास एवढाच की सॉकेटला लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही बॅटरी खातो, काम झालं की काढायचाच. चालवताना स्क्रीन बघू नका, लॉग रेकॉर्डिंग चालू करून फोन खिशात ठेवा, थंड इंजिनापासून सुरुवात करा आणि घरी येऊन ग्राफ बघा. आणि गाडी चांगली चालतेय तेव्हाचाही एक लॉग सेव्ह करून ठेवा, उद्या अ‍ॅव्हरेज परत पडलं तर तुमच्याच गाडीचे नॉर्मल आकडे हाताशी असतील, तसे आकडे मॅन्युअलमध्ये फारसे मिळत नाहीत.