सायंकाळचे स्थानिक बातमीपत्र: एक परीक्षण

स्थानिक दूरचित्रवाणीच्या बातमीपत्राकडून प्रेक्षकाची अपेक्षा साधी असते: उद्या पाऊस पडेल का, कोणता रस्ता बंद राहील आणि आपल्या कराच्या पैशाबाबत आज काय ठरले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणातही दैनंदिन जीवनासाठी महत्त्वाचा विषय म्हणून हवामानालाच सर्वाधिक पसंती मिळाली होती. मी पाहतो त्या बातमीपत्रात ही गरज उत्तम भागते. निवेदिका नकाशा घाई न करता समजावून सांगते, आणि अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याचे कारणही देते, हे मला फार मोलाचे वाटते. क्रीडावृत्त ठीक असते. गुन्हे आणि अपघात यांच्याबाबत मात्र निराशा होते. त्यांची दृश्ये सहज मिळतात, पोलिसांकडून तपशीलही तयार मिळतो, म्हणून आरंभीची बहुतेक मिनिटे त्यांनाच दिली जातात. पण पुढे त्या खटल्याचे काय झाले, हे क्वचितच कळते. अर्थसंकल्पाच्या सभेला पूर्ण वेळ बसणारा वार्ताहर खर्चिक असतो, हे मान्य केले तरी सगळ्यांच्या खिशाला भिडणाऱ्या निर्णयासाठी अर्धे मिनिट अगदीच अपुरे आहे. स्थानिक कारभार समजून घ्यायचा असेल, तर या बातमीपत्राच्या भरवशावर वर्तमानपत्र बंद करू नये.