1991 चा कडप्प्याचा ओटा तोडला नाही, रिपेअर करून घेतला – माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा मराठीत कुणी नीट काही लिहिलेलंच सापडलं नाही, सगळीकडे नवीन ग्रॅनाईट कुठं स्वस्त मिळतं एवढंच. आमचा सहकारनगरचा फ्लॅट 1991 चा, किचनमधला ओटा कडप्प्याचा, दहा फूट लांब दोन फूट रुंद, दोन तुकड्यांत, मध्ये सिंकपाशी जोड. सासूबाईंनी तीस वर्षं त्याच ओट्यावर स्वयंपाक केला. गेल्या वर्षी सिलिंडरच्या वरच्या बाजूला पुढून मागेपर्यंत तडा गेला, आधी केसाएवढा होता मग त्यात पोहे अडकायला लागले, मुंग्या व्हायला लागल्या, आणि शेगडीच्या आजूबाजूचा दगड तर पार पांढुरका आणि खरबरीत झालेला, कितीही पुसा कळकटच दिसायचा.

चार जणांना दाखवलं, चौघांनीही एकच सांगितलं, तोडा आणि ग्रॅनाईट टाका नाहीतर क्वार्ट्झ टाका. कोटेशन साधारण 48,000, त्यात टाइल्स परत लावायच्या, ट्रॉल्या काढून परत बसवायच्या, प्लंबर वेगळा, आणि दहा-बारा दिवस घर धुळीत. क्वार्ट्झबद्दल मला आधीच मनात नको होतं. तो खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला दगड, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा असतो, तो कापणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसात धूळ जाऊन सिलिकोसिस होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तसला दगड बंदच केलाय. आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना हा ओटा हवा होता, त्यांनी एकदाच सांगितलं, "मी आहे तोवर राहू दे गं." मग मी ठरवलं की काय वाट्टेल ते होवो हा दगड वाचवायचा.

पहिल्यांदा मी फसले ते आधी सांगते. ऑनलाइन बुकिंग करून एका सर्व्हिसचे दोन मुलगे आले, पाऊण तासात ओट्यावर कसलं तरी लिक्विड चोळलं, कापडाने घासलं, ओटा आरशासारखा चमकला, 2,200 रुपये घेऊन गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आठव्या दिवशी गरम पातेलं ठेवलं तिथं पांढरं कडं उठलं, हात फिरवला की चिकट लागायचं, त्यावर पीठ सांडलं की पुसून निघेना. ते पॉलिश नव्हतंच, मेणाचा थर होता. तडा तर तसाच, त्यावरूनच मेण फासलेलं.

नंतर आमच्या सोसायटीत जिन्याच्या फरशीचं काम करत होते त्या मिस्त्रींना विचारलं. शहाबादच्या बाजूचे आहेत, लहानपणापासून फरशीच्या खाणीवर वाढलेले, मराठी कानडी हेल काढून बोलतात. नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी आल्या आल्या ओट्याकडे बघितलंच नाही, खाली वाकून ट्रॉली बाहेर ओढली आणि टॉर्च मारून आत बघितलं. मग पेचकसाच्या मुठीने वरून ठक ठक करत गेले, टणक आवाज येत होता आणि सिलिंडरच्या वर आल्यावर एकदम भद्द आवाज आला. मला म्हणाले, "ताई, दगडाचा दोष नाही. सिंकचा पाइप गळतोय, खालच्या उभ्या कडप्प्याचं सिमेंट धुऊन गेलंय, तो बसला म्हणून वरचा फुटला. आधी प्लंबर बोलवा, कोरडं होऊ द्या, मग मी हात लावतो." त्या चार जणांपैकी एकानेही खाली वाकून बघितलं नव्हतं! नवीन ग्रॅनाईट टाकलं असतं तर तेही वर्षा-दोन वर्षांत तिथंच फुटलं असतं. सासरे माळ्यावरचं सामान काढायला त्याच कोपऱ्यावर चढायचे तेही कारण निघालं, आता घडीची शिडी आणलीय.

प्लंबरचं काम झाल्यावर आठ दिवस खालची बाजू उघडी ठेवून टेबल फॅन लावून ठेवला. मग मिस्त्री आले (दोन दिवस उशिरा, आणि फोन पण केला नाही, ही माझी तक्रार आहे आणि मी त्यांना तोंडावर सांगितली). पहिल्या दिवशी उभ्या लादीखाली नवीन माल भरला, तड्याच्या खालून लोखंडी अँगल लावला भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत. मग तडा साफ करायला घेतला, आणि हे काम मी शेजारी स्टूल टाकून बसून बघितलंय. हॅक्सॉचं जुनं पातं घेऊन इंच इंच करत आतली घाण उकरली, काळा चिकट गोळा निघत होता, तेल आणि पीठ वर्षानुवर्षांचं, मग थिनरने पुसलं, मग माझा हेअर ड्रायर मागून घेतला आणि अर्धा तास तड्यात गरम हवा मारली कारण दगडात ओल राहिली तर इपॉक्सी (तडा भरायचा, दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) धरत नाही. नंतर कडप्प्याचा एक टाकाऊ तुकडा पिशवीतून काढला, तो घासून बारीक काळी भुकटी केली आणि ती इपॉक्सीत मिसळली, थोडा काळा रंग वेगळा. मी विचारलं नुसता काळा रंग का नाही, तर म्हणाले नुसता रंग टाकला की शाई ओतल्यासारखी रेघ दिसते, दगड राखाडी आहे काळा नाही. खरंच, तोपर्यंत मी कडप्पा काळाच समजत होते. जरा वर येईल असं भरलं आणि रात्रभर सोडलं.

दुसऱ्या दिवशी पॉलिश. आधी तासभर ते मेण काढण्यातच गेला. मग छोट्या मशीनला डायमंड पॅड लावून 50 नंबरपासून सुरुवात, मग 100, 200, 400, 800 (नंबर जितका मोठा तितकं पॅड बारीक आणि चमक जास्त). पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलेलं, एका हाताने पाणी सोडत दुसऱ्या हाताने मशीन. कोरडं घासलं असतं तर लवकर झालं असतं पण घरभर धूळ आणि त्यांच्या छातीत पण धूळ, ते तसं करतच नाहीत, शिवाय मास्क होताच. एकही नंबर गाळला नाही. मी मध्ये घाई केली तर त्यांनी 400 झालेल्या जागेवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि एक गोल ओरखडा दाखवला, तो 50 चा राहिलेला होता, परत मागे जाऊन तेवढी जागा पहिल्यापासून केली. घासून निघालेला काळा राडा सिंकमध्ये जाऊ दिला नाही, वायपरने ओढून बादलीत भरला, तो पाइपमध्ये बसला की सिमेंटसारखा धरतो म्हणे.

इथे सासूबाईंचं आणि त्यांचं वाजलं. सासूबाईंना तोंड दिसेल असा ओटा हवा होता. मिस्त्री म्हणाले, "आई, 3000 पर्यंत नेतो, हौस असेल तर, पण आधी हे बघा." खिडकीजवळ फूटभर जागा 3000 पर्यंत चमकवली, शेजारची फूटभर 800 वर ठेवली, दोन्हीवर लिंबाचे थेंब टाकले आणि चहा होईपर्यंत थांबलो. पुसल्यावर चकचकीत जागेवर ठसठशीत मळकट डाग, 800 वाल्यावर पण डाग होता पण शोधावा लागत होता. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, लिंबू चिंच व्हिनेगर टोमॅटो सगळं त्याला खातं, संगमरवराचं पण तसंच, ग्रॅनाईटला लिंबाने काही होत नाही. आमच्या शेगडीजवळचा पांढुरका भाग तो हाच, तीस वर्षांचं चिंचेचं पाणी. सासूबाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या 800 च ठेवा.

शेवटी सीलर, दोन हात, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढलं. यावर नीट लक्ष द्या कारण विकणारे लोक सांगत नाहीत, सीलरने तेल-हळद आत मुरत नाही एवढंच, लिंबाचा डाग त्याने थांबत नाही. पूर्वी आपल्याकडे कडप्प्याला खोबरेल किंवा गोडंतेल चोळायचे, तेही त्यांनी बंद करायला सांगितलं, तेल खवट होतं आणि त्यावर धूळ बसते.

खर्च सांगते. पॉलिश 180 रुपये चौरस फूट म्हणजे 3,600, पुढच्या कडेची गोलाई 120 रनिंग फुटाने 1,200, तडा आणि अँगल मिळून 2,500, सीलर 1,200. सगळं मिळून 8,500. प्लंबरचे वेगळे. अडीच दिवस किचन बंद, पोळी-भाजी केंद्रावर भागवलं.

परफेक्ट झालंय का, तर नाही. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन येतं तेव्हा तड्याची रेघ दिसते, बोट फिरवलं तर मात्र लागत नाही. भिंतीच्या टाइल्सवर काळे शिंतोडे उडाले होते ते मला दोन दिवस घासावे लागले, प्लास्टिक अजून वरपर्यंत लावायला हवं होतं. सिंकच्या मागची चार बोटं पट्टी मशीन पोचत नाही म्हणून हाताने केलीय, तिथला पोत थोडा वेगळा आहे. पण त्यांनी हे तिन्ही आधीच सांगितलं होतं.

तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर माझं एवढंच ऐका. आधी फूटभर जागा करून दाखवा म्हणा, आणि केलेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी उकळतं पाणी ओता आणि नख ओढा. दगडातून काढलेली चमक जात नाही, वरून फासलेली लगेच कळते. ओट्याच्या खाली न बघता भाव सांगणाऱ्याला काम देऊ नका. आणि दिवाळीच्या तोंडावर हे लोक सापडत नाहीत, श्रावणातच विचारून ठेवा.

आता सात महिने झाले. तडा हललेला नाही, खालचं कोरडं आहे, मी दर महिन्याला हात घालून बघते. सासूबाई लिंबू ताटलीत चिरतात, ओट्यावर नाही. देव्हाऱ्याखाली संगमरवराची लादी आहे, पितळेची भांडी घासायच्या पावडरने तिची पार वाट लागलीय, तिच्यासाठी पुढच्या महिन्यात त्यांनाच बोलावलंय.