बागेचा श्रेडर: पावसाळ्यात जाम झाला, सुटला, आणि आता माझं मत

आधी निकाल सांगते. अंगणात कडुनिंब, आसोपालव (खोटा अशोक) आणि बोगनवेल असेल, आणि घरी खत करायची खरी इच्छा असेल, तर फांद्या-पानांचा चुरा करणारा श्रेडर जरूर घ्यावा. पण दुकानात त्याचा एचपी विचारण्याआधी झाकण उघडायला लावा आणि आतल्या पात्यांच्या चकतीच्या मागच्या जागेत ब्रश जातो का, ते बघा. माझ्या मशीनमध्ये तो जात नाही आणि सगळा त्रास तिथूनच झाला.

आम्ही बडोद्यात जुन्या पादरा रोडच्या बाजूला राहतो. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर आमच्या गल्लीत मोडलेल्या फांद्यांचे ढीग कितीतरी दिवस पडून होते. ते जाळायचे नाहीत हे घरात ठरलेलं होतं. त्या हिवाळ्यात मशीन घेतलं: सिंगल फेज, २ एचपी, म्हणजे साधारण १५०० वॉटची कपॅसिटरवाली मोटर (कपॅसिटर म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग), तिच्या शाफ्टवर म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर जाड चकती आणि चकतीवर दोन पाती. मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे. आवाज मोठा आहे, दुपारी शेजारी झोपलेले असताना चालवू नये.

उन्हाळाभर मशीनने मन जिंकलं. कडुनिंबाची अंगठ्याएवढी वाळकी फांदी सरळ खाली जाते आणि खाली पडतो तो एकसारखा चुरा. बोगनवेलीचे काटे हाताळायला नको वाटतात, पण एकदा चुरा झाला की त्यांचा जाच संपतो. आसोपालवाची लांब पानं वाळलेली असली तर उत्तम. खताचा फरक डोळ्यांना दिसतो. नुसत्या स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्याच्या टाकीला वास सुटायचा. आता प्रत्येक थरावर हा कोरडा चुरा टाकते, हवा खेळती राहते आणि वास येत नाही. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं असं म्हणतात, ते मी काही मोजत बसत नाही. मूठ दाबली की ओल लागावी पण पाणी ठिबकू नये, एवढं बघते. नारळाच्या झावळ्या मात्र यात घालू नका. त्यांचे धागे शाफ्टभोवती गुंडाळतात आणि सुरीने कापून काढावे लागतात.

पावसाळ्यात गोष्ट बदलली. नवरात्राआधी अंगण साफ करायचं म्हणून मशीन बाहेर काढलं, बटण दाबलं, आणि नुसतं घूंऽऽ. चकती हलेना. धाकटे दीर शेजारीच उभे होते. ते ओरडले, "वहिनी, परत बटण दाबू नका, आधी प्लग काढा!" हे वाक्य प्रत्येक श्रेडरवर चिकटवून ठेवावं असं मला वाटतं. फिरू न शकणारी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. वाइंडिंगवरचं, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांवरचं वार्निश काही सेकंदांत तापतं, आणि 'अजून एकदा बघू' करत राहिलं की शे-दोनशेचं काम काही हजारांवर जातं.

जाम नेमका कशामुळे झालाय ते ओळखायची सोपी रीत अशी. बटण दाबून काहीच आवाज नाही, तर वीज, झाकणाचा सेफ्टी स्विच किंवा ओव्हरलोडचं लाल बटण बघा. आवाज येतो पण फिरत नाही, तर प्लग काढून लाकडाच्या काठीने चकती ढकलून बघा. सहज फिरली तर संशय कपॅसिटरवर. काठीने जराही हलली नाही तर मोटर बिचारी निर्दोष आहे, अडकलंय ते चकतीत किंवा बेअरिंगमध्ये. हात आत घालायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, म्हणून त्याच्या पिनांना कुणीही बोट लावू नये.

आमची चकती दगडासारखी बसली होती. वरचं नरसाळं काढलं तर पुढची बाजू स्वच्छ. पाती दिसत होती, थोडा लाल गंज, बस. खरा प्रकार मागे होता. चकती आणि पत्र्याचं कवच यांच्यामध्ये बोटभरही जागा नाही, आणि त्या फटीत हिरव्या पानांचा चीक, भुसा आणि पावसाळी दमटपणा मिळून थापलेल्या पाटवडीसारखा काळपट थर बसला होता. नखाने दाबला तर वरून कोरडा आणि आतून अजून ओला. त्या ओलीने शाफ्टचा पृष्ठभाग खाल्ला होता आणि गंज बेअरिंगच्या तोंडापर्यंत गेला होता. मशीन झाकून, छपराखाली ठेवलं होतं. पुस्तिकेत 'वापरानंतर साफ करा' एवढंच आहे, मागच्या फटीबद्दल एक ओळ नाही. कंपनीला फोटो पाठवले. "ओला माल घालू नका," असं उत्तर आलं. ताजी छाटणी ओली नसेल तर काय असेल? हे उत्तर मला पटलं नाही.

सोडवायला घाई केली नाही, म्हणूनच मशीन वाचलं. बांबूच्या चिपेने आणि जुन्या हॅकसॉच्या पात्याने थर खरवडून काढला. शाफ्टच्या कडेने गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा स्प्रे. मग मधल्या बोल्टवर पाना लावून दिरांनी चकती किंचित पुढे, किंचित मागे अशी हलवायला सुरुवात केली. एका बाजूला जोर लावत राहिलं तर बोल्टच तुटतो. पुढे-मागे केल्याने गंजाची भुकटी होऊन बाहेर येते. बोल्ट काढायच्या वेळीही बघा, काही मशीनमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो. हातोडी मारावीच लागली तर मध्ये लाकडी ठोकळा हवा आणि तीही चकतीवर नाही, कारण चकती जराशी वाकली तरी त्या वेगाला सगळं मशीन थरथरतं. दुपारपर्यंत चकती फिरायला लागली, पण खरखर करत.

त्या खरखरीकडे दुर्लक्ष करू नका. मोटर मकरपुरा जीआयडीसीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने हाताने शाफ्ट फिरवून, कान लावून लगेच सांगितलं, "बेन, मोटर तो सारी छे, बेअरिंग गयुं." म्हणजे मोटर चांगली आहे, बेअरिंग गेलंय. चकतीकडचं बेअरिंग ६२०४ नंबरचं होतं, आत २० मिलिमीटरचा शाफ्ट, दोन्ही बाजूंना नुसती पत्र्याची झाकणं. पत्र्याचं झाकण मोठा कचरा अडवतं, ओल अडवत नाही. त्याच मापात रबरी सीलचं, ज्यावर २आरएस लिहिलेलं असतं, ते बसवून घेतलं. जुनं ठोकून न काढता पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने काढलं, हे मी उभं राहून बघितलं.

शेजारच्या आत्यांचं मशीन पुरात बुडालेलं होतं, त्याची गोष्ट वेगळी. पुराचं पाणी गेलेल्या मोटरला स्प्रे मारून भागत नाही. गाळ धुवून, पूर्ण वाळवून, मेगर नावाच्या मीटरने तारांचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय ती प्लगला लावायचीच नाही. आत्यांनी तसं केलं आणि त्यांचं मशीन आजही चालतं.

वायरीबद्दलही एक गोष्ट. आमचा बागेतला एक्स्टेंशन बोर्ड पातळ वायरीचा होता. लांब पातळ वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर जोर पाऊणच उरतो. थोडासाही भुसा अडकलेला असला की तेवढ्याने चकती थांबते. आता २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि १५ अँपिअरचा सॉकेट वापरतो.

तेव्हापासून ताजी छाटणी दोन-तीन दिवस उन्हात टाकून मगच घालते. शेवटी मूठभर वाळक्या काटक्या घालते, त्या चीक पुसून नेतात. मग मशीन मिनिटभर रिकामं फिरवायचं, प्लग काढायचा, नरसाळं उघडून मागच्या फटीत वाकवलेली तार फिरवायची आणि शाफ्टवर तेलाचा हात द्यायचा. झाकण लगेच लावत नाही, आतली वाफ जाऊ देते. हे सगळं करून गेला पूर्ण हंगाम मशीन एकदाही अडलेलं नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन का? हा नाही. पण चकतीचाच घेईन, ज्याचं कवच एका मुठीने पूर्ण मागे पडतं असा. माझी पाती दोन्ही बाजूंनी धारेची आहेत. एक बाजू बोथट झाली तेव्हा उलटवून लावली. दुसरी गेली की धार लावून घेणार आहे, ती किती टिकते ते तेव्हा इथेच लिहीन.